बरणीत न टिकणारा जीव

वांद्र्याच्या खडकांवर उतरायचं असलं की मी घड्याळाआधी कालनिर्णय बघते. तिथी काढायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं असणार आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण उतरलेलं. जुन्या पिढीला पाऊणकी पाठ असे, त्यामुळे हा हिशेब तोंडी होई. अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यात धरावीच लागते, पण किनाऱ्यावर कधी उतरायचं आणि कधी परतायचं एवढं ठरवायला तो पुरतो.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे मी कार्टर रोडच्या खडकांवर होते. लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवसांत मुंबईचा समुद्र भरतीला साडेचार मीटरच्या आसपास चढतो आणि ओहोटीला इतका मागे जातो की एरवी कायम पाण्याखाली असलेली जमीन तासाभरासाठी उघडी पडते. सव्वासहा वाजले होते. मागे रस्त्यावर चालायला आलेली माणसं होती, कुठूनतरी दिवाळी पहाटेच्या गाण्याचे सूर येत होते. मी पाण्याच्या कडेजवळचा एक दगड दोन्ही हातांनी हळूच कलता केला, टेकू दिला आणि वाकून बघत राहिले.

दगडाच्या खालच्या बाजूला नारिंगी स्पंज होता, पांढऱ्या नळ्यांत राहणारे किडे होते, एक छोटी चिंबोरी घाईघाईने फटीत शिरली. आणि मग त्या सगळ्यावरून एक डाग सरकला. अंगठ्याच्या नखाएवढा, पिंपळाच्या वाळक्या पानाच्या रंगाचा, कागदासारखा पातळ. त्याला पाय नव्हते, शिंपला नव्हता, डोकं कुठे आणि शेपूट कुठे हेही पटकन कळत नव्हतं. तेल पसरावं तसा तो दगडावरून ओघळत होता, फक्त खाली नव्हे, वरच्या दिशेनेही. एका बार्नॅकलच्या कवचापाशी पोचल्यावर त्याची कड उचलली गेली, कवचावरून दुमडली आणि सगळं अंग त्या उंचवट्यावर घडी न पडता बसलं. हा समुद्री चपटा कृमी. याच्यासाठी मी इथे येते.

पुस्तकातला आणि किनाऱ्यावरचा

शाळेच्या जीवशास्त्रात चपट्या कृमींचा संघ आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो: प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक, पट्टकृमी. त्यांतले दोन परजीवी, म्हणून हा संघच आपल्या मनात रोगाशी जोडला गेला आहे. या संघात वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य खरोखरच दुसऱ्याच्या शरीरात राहतात. पण समुद्रात स्वतंत्र जगणारा एक गण आहे, पॉलिक्लॅड. जगभरात त्याच्या सुमारे हजार जाती माहीत आहेत. नावाचा अर्थ ‘पुष्कळ फांद्यांचा’, आणि त्या फांद्या आहेत आतड्याच्या.

हे आतडं समजलं की या प्राण्याचं सगळं जगणं समजतं. चपट्या कृमीला हृदय नाही, रक्त नाही, कल्ले नाहीत, फुप्फुसं नाहीत. प्राणवायू थेट त्वचेतून आत झिरपतो. असा झिरपणारा प्राणवायू फार खोल पोचत नाही, म्हणून शरीर जाड होऊन चालत नाही. आकाराने वाढायचं तर पसरायचं, फुगायचं नाही. आणि अन्न वाहून नेणारं रक्तच नसल्यामुळे पचलेलं अन्न कोपऱ्याकोपऱ्यात पोचवण्याचं काम आतड्यानेच करायचं. म्हणून ते झाडासारखं फांद्या फुटत शरीरभर पसरतं. फिकट रंगाचा कृमी उजेडासमोर धरला तर आत पानाच्या शिरांसारखी ही नक्षी दिसते.

तोंड पोटाच्या बाजूला, बरंचसं मध्यावर. त्यातून झालर लावलेल्या पडद्यासारखी घशाची नळी बाहेर येते, भक्ष्यावर पसरते, पाचक रस सोडते आणि तयार झालेला रस आत ओढते. उरलेलं टाकाऊ त्याच वाटेने बाहेर जातं. चालण्यासाठी पोटाखाली असंख्य सूक्ष्म रोम असतात आणि स्वतःच सोडलेल्या चिकट थरावरून ते प्राण्याला पुढे नेतात. पुढच्या भागात एक लहानसा मेंदू आणि त्याच्याभोवती ठिपक्यांसारखे डोळे. हे दोन-चार नव्हेत, कित्येक जातींत डझनांनी असतात. काहींच्या तर अंगाच्या कडेनेही डोळ्यांची रांग असते. त्यांना चित्र दिसत नाही, पण उजेड कुठून येतो ते नेमकं कळतं. माझा दगड कलता झाल्यावर तो नखाएवढा जीव ज्या निश्चयाने अंधाराच्या दिशेला वळला, त्यामागे हे डोळे होते.

कातळ आणि वेळापत्रक

बँडस्टँडपासून कार्टर रोडपर्यंतचा हा किनारा ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठाराचा लाव्हा पसरला, त्याच घडामोडीतला हा काळा कातळ. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघायला लोक मुद्दाम जातात. त्याच जन्माचा दगड वांद्र्याला समुद्राच्या पायाशी पसरलेला आहे. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये लँड्स एंडला किल्ला बांधला तोही याच खडकाच्या टोकावर.

काळा कातळ ऊन शोषतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्यावर हात ठेववत नाही. अशा खडकावर त्वचेला कसलंही आवरण नसलेला, अर्धा मिलिमीटर जाडीचा प्राणी उघड्यावर काही मिनिटांत सुकून जाईल. तरीही तो इथे आहे. त्याचं उत्तर पुन्हा तिथीत सापडतं.

उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते, आणि मुंबईत ती पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीला पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. पण अष्टमी म्हणजे भांग. त्या दिवशी पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. किनाऱ्याचा सर्वांत खालचा पट्टा तेव्हा पाण्याखालीच राहतो. मधल्या तिथींना ओहोटी दिवसेंदिवस उन्हाकडे सरकत जाते, पण तोवर तिचा जोरही ओसरत आलेला असतो. म्हणजे जो पट्टा सगळ्यात नाजूक जिवांचा आहे, तो उघडा पडतो तेव्हा सूर्य क्षितिजाशी असतो आणि सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्या पट्ट्यावर पाणी असतं. दुसऱ्या एखाद्या बंदरात चंद्र-सूर्य तेच असूनही हा मेळ असा बसेलच असं नाही. भरतीची वेळ त्या त्या समुद्राच्या आकारावर ठरते. वांद्र्याच्या चपट्या कृमीला ही सवलत अरबी समुद्राच्या या भागाने दिलेली आहे.

या किनाऱ्यावर पट्टे डोळ्यांनी दिसतात. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात तिथे मोहरीएवढ्या-ज्वारीएवढ्या गोगलगायी. त्याखाली बार्नॅकलचा खरखरीत पांढुरका थर आणि खडकाला चिकटलेली कालवं. मग नेरिटाचे गोल शंख, टोपीसारखे लिम्पेट. आणखी खाली झोअँथिडचे मऊ गालिचे, स्पंज, आणि दाबल्यावर पिचकारी मारणारे ॲसिडियन. माणूस हे पट्टे वरून खाली वाचतो. चपटा कृमी मात्र प्रत्येक पट्ट्यात फक्त एकच जागा ओळखतो: खालची बाजू. दगडाच्या पोटाशी ओल टिकते, ऊन पोचत नाही, लाटेचा मारा लागत नाही. किनाऱ्याच्या माथ्यावर उन्हाळा असतो तेव्हा त्याच दगडाच्या तळाशी वेगळाच ऋतू चाललेला असतो.

कालवाच्या दारातला पाहुणा

चिंबईच्या बाजूला कालवं काढायला बसलेल्या एका मावशींशी माझी ओळख आहे. टोकदार लोखंडी हत्याराने त्या कालवाचं वरचं झाकण एका फटक्यात उडवतात आणि आतला गर डब्यात टाकतात. एखादं झाकण उडवलं की आत गर नसतो. दोन्ही शिंपा जागच्या जागी, कुठे भोक नाही, फूट नाही, पण आत फक्त चिखल आणि पाणी.

कालव रिकामं करणारे पुष्कळ असतात. शंखातले शिकारी भोक पाडतात आणि खूण मागे ठेवतात. चिंबोऱ्या कड मोडतात. चपटा कृमी मात्र कसलीच खूण ठेवत नाही. कालव श्वासासाठी, अन्नासाठी शिंपा किंचित उघडतं, तेवढ्या फटीतून हा कागदासारखा प्राणी आत सरकतो आणि आतूनच खायला लागतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्टायलोकस इनिमिकस या जातीने कालवांच्या बागांचं इतकं नुकसान केलं की तिथले मच्छीमार तिला ‘कालवाची जळू’ म्हणू लागले. पिअर्स आणि व्हार्टन यांनी १९३८ मध्ये तिच्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातही कालवं आणि शिणाणे वाढवणाऱ्यांना याच कुळातल्या कृमींशी सामना करावा लागतो.

पण शेतातला उपद्रवी जीव रानात उपद्रवी असतोच असं नाही. बार्नॅकल आणि कालवं खडकावर जागा मिळेल तिथे बसतात आणि एकदा बसली की जन्मभर हलत नाहीत. त्यांतलं एक मेलं की रिकामा शिंपला मागे राहतो. त्या शिंपल्यात छोट्या चिंबोऱ्या शिरतात, किडे नळ्या बांधतात, गोगलगायी अंडी घालतात. जागा मोकळी करणारा शिकारी नसेल तर खडकावर एकदोन जातींचंच राज्य होतं. दगडाखालच्या एका हातभर जागेत दहा-बारा प्रकारचे जीव दिसतात, त्यामागे असे न दिसणारे शिकारी आहेत.

रंगीत जातींचा आहार वेगळा. स्यूडोसेरॉस आणि स्यूडोबायसेरॉस या प्रजातींतले कृमी, जांभळे, काळे-पिवळे, पांढऱ्यावर रेघा ओढलेले, बहुतेक करून ॲसिडियनच्या वसाहतींवर जगतात. त्यांना पाहून पुष्कळ जण समुद्री गोगलगाय, म्हणजे न्यूडिब्रँक, समजतात. फरक ओळखायला सोपा आहे. पुष्कळ न्यूडिब्रँकच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा असतो आणि अंग मांसल असतं. चपट्या कृमीला तुरा नसतो, डोक्याकडे दिसतात ती शिंगं म्हणजे कडेच्याच दोन चुण्या असतात, आणि अंग असं की खालचा खडक जाणवावा. हे साम्य कधीकधी पांघरलेलंही असतं. स्यूडोसेरॉस इमिटाटस ही जात एका विषारी न्यूडिब्रँकची हुबेहूब नक्कल करते. तिचं वर्णन १९९४ मध्ये झालं.

काहींना नकलेची गरजच नसते. जपानच्या किनाऱ्यावरच्या प्लॅनोसेरा प्रजातीतल्या एका जातीत टेट्रोडोटॉक्सिन सापडलं आहे, फुगू माशात असतं तेच विष. ग्वाम बेटावरच्या एका प्लॅनोसेरिड कृमीवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो हे विष कवड्यांसारखं हलतं-चालतं भक्ष्य लुळं करायला वापरतो. म्हणून किनाऱ्यावर मुलांना मी एकच नियम सांगते: डोळ्यांनी बघायचं, बोटांनी नाही. यात प्राण्याचाही बचाव आहे. ओल्या टिश्यूसारखं त्याचं अंग चिमटीत धरलं की फाटतं. गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया कापला तर दोन्ही तुकड्यांतून दोन प्राणी होतात, हे आपण शाळेत शिकतो. समुद्री पॉलिक्लॅडला एवढी सूट नाही. मेंदू शाबूत राहिला तर तो अंगाचा बराच भाग पुन्हा भरून काढतो. मेंदू गेला की नवं डोकं येत नाही.

अंडी, अळ्या आणि पाऊस

प्रत्येक चपटा कृमी एकाच वेळी नर आणि मादी असतो. तरी जोडीदार लागतोच. स्यूडोसेरॉस बायफर्कस या जातीच्या मीलनावर मिखिएल्स आणि न्यूमन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिहिलं. दोन कृमी समोरासमोर उभे राहतात आणि आपल्या टोकदार इंद्रियाने दुसऱ्याला टोचण्याची झटापट करतात. ज्याचा वार आधी लागतो तो बाप होतो, ज्याला जखम होते त्याला अंड्यांचा भार सोसावा लागतो. आई होण्याची किंमत इतकी मोठी आहे की ती टाळण्यासाठी त्यांच्यात द्वंद्व चालतं.

अंडी दगडाच्या पोटाला चिकटवलेली असतात, पारदर्शक चिकात एका थरात मांडलेली, साबुदाण्याच्या पापडाचा तुकडा असावा तशी. स्टायलोकस कुळातल्या काही जाती त्या अंड्यांवर अंग पसरून बसून राहतात. काही जातींच्या अंड्यांतून थेट लहान कृमी बाहेर येतात, तर काहींच्या अळ्या पाण्यात तरंगत दूर जातात. आठ पाळ्यांची ही अळी जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांच्या नावाने ओळखली जाते. तांदळाच्या कणीहूनही लहान असलेली ती प्रवाहाबरोबर फिरते आणि योग्य दगड मिळाला की चपटी होऊन खाली बसते.

योग्य दगड मिळणं म्हणजे योग्य पाणी मिळणंही आहे. कालवांच्या बागांत या कृमींवर जो उपाय करतात, त्यावरून त्यांची दुबळी बाजू कळते. कालवं काही वेळ गोड्या पाण्यात बुडवतात. कालव शिंपा मिटून बसतं, कृमीला मिटायला काही नसतं. गोडं पाणी त्याच्या त्वचेतून आत शिरतं आणि पेशी फुगून फुटतात.

वांद्र्याला हा उपाय दर वर्षी आभाळ करतं. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि दक्षिणेला माहीमच्या खाडीतून मिठी नदी विहार-पवईपासूनचं सगळं पाणी घेऊन उतरते. ओहोटी आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की उघड्या खडकावर, डबक्यांत, दगडांच्या फटींत गोडं पाणी भरतं. तग धरायची जागा पुन्हा तीच, मोठ्या दगडाच्या पोटाशी अडकून राहिलेलं खारं पाणी, वाळूत रुतलेली कड. नवरात्रापासून पाणी हळूहळू खारं आणि नितळ व्हायला लागतं आणि किनारा पुन्हा भरू लागतो. दिवाळीच्या उधाणात मी येते ते म्हणूनच. पावसाळ्यातून कोण वाचलं, याची ती पहिली हजेरी असते.

नाव द्यायचं कसं

कॉलेजात असताना मी एक चूक केली. खडकावर मिळालेला एक तपकिरी कृमी मी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला, झाकण लावलं, चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहिली आणि कपाटात ठेवला. सकाळी बाटलीत गढूळ पाणी होतं आणि तळाशी काजळलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी वळलेलं पडलं होतं. चिठ्ठी शाबूत होती, प्राणी नव्हता. त्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं ‘वांद्रे’ मला अजून आठवतं.

त्या एका बाटलीत या जिवाच्या संशोधनाचा सगळा इतिहास होता, हे मला पुढे कळलं. चपटा कृमी घाबरला की आक्रसतो, तुकडे होतो, स्वतःच्याच पाचक रसांनी विरघळतो. टिकला तरी रंग उडतो. शंख, चिंबोरी, मासा यांचे नमुने शंभर-दीडशे वर्षं संग्रहालयात राहतात आणि पुढचा अभ्यासक ते काढून ताडून बघतो. इथे ताडायला काही उरतच नाही.

म्हणून जुन्या अभ्यासकांनी चित्रं आणि शब्दांवर भिस्त ठेवली. ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत पाहिलेल्या चपट्या कृमींवर चार्ल्स डार्विननी १८४४ मध्ये लेख लिहिला, त्यात समुद्रातल्या जातीही आहेत. आपल्या शेजारी श्रीलंकेत त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर डॉ. केलार्ट यांनी हे कृमी गोळा केले. ते वारले त्यानंतर, १८७६ मध्ये, कथबर्ट कॉलिंगवूड यांनी त्यांची आणि आपली सामग्री एकत्र करून ३१ जातींचं वर्णन छापलं. १८८४ मध्ये आर्नोल्ड लांग यांनी नेपल्सच्या आखातातल्या पॉलिक्लॅडवर जो ग्रंथ लिहिला तो आजही पायाभूत मानतात. मालदीव-लक्षद्वीपच्या मोहिमेतल्या कृमींवर लेडलॉ यांनी १९०२ मध्ये लिहिलं.

नमुना टिकवण्याची चांगली रीत यायला विसाव्या शतकाची शेवटची वर्षं उजाडली. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी ती रूढ केली. फॉर्मेलिन आधी गोठवायचं. कृमीला कागदाच्या तुकड्यावर आपणहून चढू द्यायचं, तो पूर्ण पसरला की कागद अलगद गोठलेल्या थरावर ठेवायचा. आक्रसायला वेळ मिळण्याआधी तो पसरलेल्या स्थितीतच स्थिर होतो. तरी नाव पक्कं करायला बरंच बाकी असतं. प्रजननसंस्थेचे काही मायक्रॉन जाडीचे एकामागून एक काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचावे लागतात. आता जनुकांचीही मदत घेतात. नखाएवढ्या तपकिरी जिवासाठी हे महिन्यांचं काम आहे.

भारतातल्या बहुतेक नोंदी अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या आहेत, त्याचं कारण यात दडलंय. तिथे पाणी नितळ, कृमी भडक रंगाचे, फोटोवरूनही ओळख पटण्याजोगे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात २०११ मध्ये दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्याने लक्षद्वीपच्या पॉलिक्लॅडच्या नव्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुंबईतून निघणाऱ्या नियतकालिकात लक्षद्वीपचे कृमी आले. मुंबईच्या दगडाखालचा तपकिरी कृमी मात्र रंगीत नाही म्हणून मागे राहिला.

मुंबईला किनाऱ्याचा अभ्यास नवा नाही. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं, तिथल्या बी. एफ. छापगर यांनी १९५७ मध्ये मुंबई राज्यातल्या समुद्री चिंबोऱ्यांवर लिहिलेला ग्रंथ अजून हाताशी घ्यावा लागतो. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण किनाऱ्याकडे सामान्य माणसाचं लक्ष वळलं ते २०१७ पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमामुळे. प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी तो सुरू केला. ओहोटीला लोकांना घेऊन खडकांवर फिरायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा, जागा आणि वेळेसकट आयनॅचरलिस्ट या खुल्या नोंदवहीवर टाकायचा. त्यांच्या नोंदींत शंख आहेत, ऑक्टोपस आहेत, प्रवाळ आहेत, आणि चपटे कृमीही आहेत. फोटोने जातीचं नाव दर वेळी पक्कं होत नाही. पण हा प्राणी या तारखेला या दगडाखाली जिवंत होता, एवढं पक्कं होतं. माझ्या बाटलीला तेवढंही जमलं नव्हतं.

दगड होता तसा

कायद्याच्या कागदावर या किनाऱ्याला संरक्षण आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये आली. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा तिच्यात सगळ्यात जपायच्या वर्गात घातला गेला. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, म्हणून सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी-हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले गेले. चपटा कृमी कुठल्याच अनुसूचीत नाही. आणि असता, तरी त्याला उचलून दुसरीकडे लावणार कसं? तो दगडाला चिकटलेला नाही, दगडाच्या ओलीला, अंधाराला, त्याखालच्या स्पंजाला आणि कालवाला बांधलेला आहे. एवढं सगळं जसंच्या तसं हलवता येत नाही.

भराव, सेतूंचे खांब, मैला, प्लॅस्टिक, या गोष्टींबद्दल वांद्रेकरांना मी नव्याने सांगायला नको. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला आणि आता वर्सोव्याकडे जाणाऱ्या सेतूचं काम चालू आहे. मला इथे एक अगदी छोटी गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या हातातली आहे. किनाऱ्यावर येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यात उत्साही मुलं आहेत, कॅमेरे आहेत, आणि ते दगड उलटवतात. उलटा राहिलेला दगड म्हणजे वरची शेवाळं अंधारात कुजतात आणि खालचे स्पंज, अंडी, कृमी उन्हात वाळतात. एका हालचालीत दोन्ही बाजू मरतात.

चिंबईच्या त्या मावशींनी पहिल्याच भेटीत मला टोकलं होतं. मी एक दगड बघून तसाच सोडून पुढे निघाले होते. कालव फोडता फोडता त्या म्हणाल्या, “पोरी, दगड होता तसा ठेव. खालचं मरतं.” वर्षानुवर्षं या खडकावर पोट असलेल्या बाईला, खाली कोण आहे याची यादी लागत नव्हती. खाली कोणीतरी आहे एवढं पुरेसं होतं. माझ्या सगळ्या वाचनाने त्यांच्या वाक्यात फक्त नावं भरली आहेत.

जो जीव बरणीत टिकत नाही, तो त्याच्या जागीच टिकवावा लागतो. शंख हरवला तरी कपाटात दुसरा असतो. वांद्र्याच्या दगडाखालचा कृमी संपला, तर तो होता हे सांगायला कुठल्याच संग्रहालयात काही नसेल. म्हणून ती जागा हेच त्याचं संग्रहालय, आणि ते उघडं-बंद करण्याचं काम आपल्या दोन हातांचं.

पाडव्याच्या त्या सकाळी मी पाच मिनिटंही बघितलं नसेल. चार फोटो काढले, तारीख आणि वेळ टिपली. तोवर तो तपकिरी डाग स्पंजाच्या कडेला सरकला होता आणि त्याचं अर्धं अंग एका रिकाम्या कालवात शिरलं होतं. मी टेकू काढला, बोटं कडेखाली ठेवून दगड खाली येऊ दिला, आधीच्या ओल्या खाचेत तो नीट बसला की नाही ते चाचपून पाहिलं. भरती सुरू झाली होती. मागच्या इमारतींवरून उन्हं आली तेव्हा पाण्याची पहिली धार त्या दगडाखाली शिरत होती.